ढालीवर रापी

भाच्याने कागदावर ढाल काढली होती. ढालीच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे सिंह, वर मुकुट, खाली फीत आणि फितीत आडनाव. हे सगळं म्हशीच्या जाड कातड्यावर कोरायचं आणि वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घराच्या दारावर लावायचं, असा त्याचा बेत. कोरायची जागा मामांच्या दुकानातली आणि अवजारं निम्मी मामांची. मामांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला.

दुकान डिंडोलीत आहे, उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेरुळांच्या अंगाला. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाला जोडली. पुढे यंत्रमाग, प्रोसेस हाउस आणि कापडबाजार यांनी धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं इकडे ओढून घेतली. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यात भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात घरोघर कानबाई बसते. मामा धुळे जिल्ह्यातले, चर्मकार, साठी ओलांडलेले. भाचा त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात पंचिंग करतो, म्हणजे साडीच्या काठाची नक्षी संगणकावर टाक्याटाक्यांत मांडून यंत्राला देतो. रेषेवर त्याचा हात चांगला बसलेला आहे. दोघांचं बोलणं निम्मं अहिराणीत झालं, ते मी मराठीत मांडतो आहे. नावं देत नाही, कारण वाद ज्यावर झाला ती गोष्ट त्यांच्या घराची आहे.

मामा : हाई कसाले रे? सिंह आपल्या घरात कुठून आले?

भाचा : घराण्याचं चिन्ह असंच असतं, मामा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं बघा, त्यात नाग आहेत. प्रत्येक संस्थानाचं आहे. गाड्यांच्या मागच्या काचेवर लोक तलवारी लावतात, आडनावाखाली राजमुद्रा छापतात. आपण का नाही?

मामा : त्यांची राज्यं होती.

इथे मला बोलावंसं वाटलं. ढाल, तिला धरून उभे असलेले प्राणी आणि खाली ब्रीद लिहिलेली फीत हा साचा संस्थानांचाही फार जुना नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला. व्हाइसरॉय लिटनने त्या निमित्ताने राजांना एकेक रेशमी निशाण दिलं आणि त्यावर युरोपी धर्तीचं कुलचिन्ह भरलेलं होतं. ही चिन्हं आखली ती बंगालच्या सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने. पुढे त्याने त्यांचं पुस्तकही काढलं. निशाणं इतकी जड होती की एकट्या माणसाला पेलत नसत. त्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड तेरा वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते गोपाळराव होते, मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले.

भाचा : कवळाणं म्हणजे आपल्याच बोलीचा मुलूख! बघा, मामा. शेतकऱ्याच्या पोराला चिन्ह मिळालं.

मामा : तो भाऊबंदकीतला गायकवाडच होता. म्हणून तर निवडला. त्याला गादी मिळाली, मग चिन्ह मिळालं. तू गादीशिवाय मुकुट काढतोयस.

मुकुटाचा निकाल तिथेच लागला. सिंहही गेले. मराठ्यांनी आपली ओळख सांगितली ती मुद्रांनी, शिक्क्यांनी, जरीपटक्याने. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवा ध्वज घेतला, तेव्हा त्यावरच्या अष्टकोनाची प्रेरणा त्याच मुद्रेतून आल्याचं सांगितलं गेलं. दोन सिंहांची इमारत उभी न करताही ओळख ठसठशीत राहते, हे भाच्याला पटायला वेळ लागला नाही. त्याला खरी ओढ होती ती ढालीची.

मामा : ढाल काढायची तर गोल काढ. ही खाली टोक असलेली आपल्याकडची नाही. आपली ढाल गोल, मधे फुगीर, अन् वर चार फुलं.

भाचा : फुलं म्हणजे ते चार गोळे? ते कशाला असतात?

मामा : आतल्या मुठीच्या कड्या ज्यांनी अडकवतात, त्या खिळ्यांची डोकी झाकायला. शोभेचं दिसतं, पण आधी कामाचं आहे. अन् ढाल कातड्याचीच असायची. गेंड्याची भारी, नाहीतर म्हशीची.

भाच्याने नवा कागद घेतला, वर्तुळ काढलं, चार फुलं मांडली. मधला भाग रिकामा होता. तिथे काय यावं, यावर पुढचा सगळा वाद झाला.

भाचा : बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद तुम्हाला माहीत आहे?

मामा : तूच सांग.

भाचा : जीन घर, जीन तख्त. घोड्याचं जीन हेच आमचं घर आणि तेच आमचं सिंहासन. आपण गावाला जाताना सोनगढ लागतं ना, तिथला डोंगरी किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. बडोदं नंतरचं, आधी सोनगढ. तिथून घोडे दौडवत त्यांनी गुजरातेत राज्य बसवलं आणि ते विसरू नये म्हणून ब्रीदात जीन घातलं. आता मला सांगा, जीन कशाचं?

मामा : कातड्याचं.

भाचा : शिवलं कुणी?

मामा : ज्यानं शिवलं त्याला बलुतं मिळालं असेल. सुपात दाणे. ब्रीद नाही मिळालं.

भाचा : म्हणून मधे हे येणार.

आणि त्याने ढालीच्या मध्यभागी रापी काढली. कातडं कापायची, चर्मकाराच्या हातातली रापी. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच क्रमाने देतो.

मामा : गावात आमचं घर कडेला होतं. पाटलाच्या नव्या चपला शिवून झाल्या की आई घेऊन जायची अन् ओट्याच्या खाली, लांबूनच ठेवायची. पाटलीण वरून दाणे टाकायची, आई पदर पसरायची. माल चांगला निघाला तरी तसंच, वाईट निघाला तरी तसंच. इथे सुरतेत मी आलो तेव्हा खोली बघायला गेलो, तर घरमालकाने विचारलं, कुठले? म्हटलं, खानदेशी. बस्स. पुढे काही विचारलं नाही. गिरणीत विचारायचे, कोणत्या खात्यात? पाळी कोणती? इतकंच. चाळीस माणसं एका नळावर पाणी भरायची. तुला ते साधं वाटतं, कारण तू इथेच जन्मलास. मला त्यासाठी गाव सोडावं लागलं. अन् तू आता दारावर रापी टांगणार. येणारा प्रत्येक माणूस आत पाय टाकायच्या आधी वाचेल.

भाचा : आडनावावरून ते वाचतातच, मामा. शाळेच्या दाखल्यावर आहे, सोयरीक जुळवताना विचारतात, भाड्याची खोली देताना आता पुन्हा विचारायला लागलेत. सगळ्यांना माहीत असतं, फक्त आपण बोलायचं नाही, असं चाललंय. मी जी गोष्ट बोलत नाही ती दुसरा बोलतो, आणि तो त्याच्या पद्धतीने बोलतो.

मामा : बोल की. पण ओरडून कशाला?

भाचा : तलवारवाले हळू बोलतात का?

भाच्याने बरंच वाचलेलं होतं. युरोपात कुलचिन्हं फक्त सरदारांची नव्हती, हे त्याने सांगितलं आणि ते खरं आहे. जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये साध्या नागरिकांची, कारागिरांची, अगदी शेतकऱ्यांचीही चिन्हं असत आणि त्यांत धंद्याची अवजारं दिसतात. लंडनमध्ये बूट करणाऱ्यांच्या जुन्या संघाच्या ढालीवर बकऱ्यांची तीन डोकी आहेत, कारण त्यांचं उत्तम कातडं बकऱ्याचं. खोगीर करणाऱ्यांचा निराळा संघ, कातडं विकणाऱ्यांचा निराळा, प्रत्येकाचं आपापलं चिन्ह.

मामा : लंडनच्या त्या लोकांना विहिरीवर चढू देत नव्हते का?

या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. अवजार ढालीवर चढवून मान मिळवणं त्यांना सोपं गेलं, कारण त्यांच्या अवजाराला विटाळ चिकटवलेला नव्हता. आपल्याकडे कातडं कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार आणि ते पायात घालणारा पाटील, या तिघांत कातडं एकच असून विटाळ फक्त पहिल्या दोघांना लागला. तिकडचा दाखला इकडे आणताना ही मधली भिंत दिसत नाही. मामांना ती दिसली, कारण ते तिच्या एका बाजूला राहिले आहेत.

मामा : अन् बडोद्याचं काय सांगतोस? बाबासाहेबांना शिकायला पैसे त्याच राजाने दिले, मानतो. शिकून बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला जागा मिळाली नाही. पारशाच्या मुसाफिरखान्यात नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. कोलंबियाची पदवी होती. ती पुरली नाही, तिथे तुझी ढाल काय पुरणार?

हे १९१७ सालचं. भाच्याला ही हकीकत माहीत होती, पण मामा ती अशी पुढे करतील असं त्याला वाटलं नव्हतं.

भाचा : मग क्रिकेटपटू पालवणकर बाळूंचं नाव आपण का घेतो? १९११ साली इंग्लंडात जाऊन त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना दिलं नाही ते नाहीच. पण आपल्या पोरांना आपण सांगतो ना, की बाळू आपले होते?

मामा : सांगतो. बाळूंनी चेंडू टाकून दाखवला. घरावर चेंडूचं चित्र नव्हतं लावलं.

भाचा : धाकटा भाऊ विठ्ठल पुढे त्याच संघाचा कप्तान झाला. कुणीतरी आधी उघड्यावर उभं राहिलं म्हणून.

बाळू आणि त्यांच्या भावांची गोष्ट दोघेही आपापल्या बाजूला ओढत होते आणि दोघांनाही तसा हक्क होता. मला त्यात एकच गोष्ट जोडावीशी वाटते. बाळूंच्या हातातला चेंडू कातड्याचा होता आणि तो झेलताना कुणी विटाळाचा विचार केला नाही. कातड्याला नाव ठेवणं सोयीप्रमाणे चालतं.

भाच्याने मग जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

भाचा : खंडेनवमीला तुम्ही रापीला हळदकुंकू लावता की नाही?

मामा : लावतो. रापी, आरी, ऐरण, सगळ्यांना. त्या दिवशी अवजार हातात धरत नाही.

भाचा : मग तीच रापी भिंतीवर लावली तर काय बिघडलं?

मामा : पूजा घरात होते. भिंत बाहेर आहे.

मामांनी हे सहज म्हटलं, पण त्यात मोठी गोष्ट आहे. युरोपातलं कुलचिन्ह बाराव्या शतकात रणांगणावर वाढलं. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, म्हणून ढालीवरून माणूस ओळखायचा. ते पहिल्यापासून बाहेरच्यासाठी आहे. आपल्याकडच्या कुळाच्या खुणा बहुतेक आत वळलेल्या आहेत. कुलदैवतांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असतात. कांस्याच्या ठशावर पातळ पत्रा ठोकून काढलेली ती बोटभर आकृती घरच्यांखेरीज फारशी कुणी पाहत नाही. देवक लग्नापुरतं मांडवात येतं. मोऱ्यांचं मोरपीस, पवारांची तलवारीची धार, कुणाचा कळंब, कुणाचा पंचपल्लव. ते कुणाला दिपवायला नसतं. एक देवक म्हणजे एक कूळ, तिथे सोयरीक नाही, एवढं ते सांगतं. कारागिरांच्या देवकांत धंद्याची अवजारंही आहेत. मुंबई इलाख्यातल्या जातिजमातींवर एन्थोवेनने १९२० ते १९२२ या काळात जे तीन खंड काढले, त्यांत अशा नोंदी सापडतात. तेल्यांमध्ये पहार पूजली जाते. म्हणजे अवजार हे कुळाचं चिन्ह होऊ शकतं, ही कल्पना भाच्याने विलायतेहून आणायची गरजच नव्हती. ती मांडवात, मुहूर्तमेढीपाशी आधीपासून आहे.

कानबाईचंही तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराण्यात चालत आलेला नारळ सजवून, डोळे-नथ लावून बसवतात, रोट करतात आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. सोमवारी मिरवत नेऊन बोळवण. कोण आपलं आणि कोण नाही, याचा खानदेशातला सगळ्यात स्पष्ट निवाडा त्या रोटाच्या ताटावर होतो. डिंडोलीत राहणाऱ्यालाही तो पाळायचा म्हणून गावाकडे जावं लागतं, किंवा गावाकडच्यांना इकडे यावं लागतं.

भाच्याला हा नारळही ढालीवर हवा होता, रापीच्या वर.

मामा : कानबाई कातड्यावर नको.

भाचा : का? गोंधळ्याचं संबळ कशाचं असतं? मृदंगाला काय मढवतात? खंडोबाचा वाघ्या भंडार ठेवतो ती पिशवी वाघाच्या कातड्याची असायची. देवाला वाघाचं चालतं आणि म्हशीचं चालत नाही, हे कुणी ठरवलं?

मामा : कुणी का ठरवलं असेना. माझी आई कानबाई बसायच्या दिवशी दुकानातलं कातडं परसात नेऊन झाकायची. आम्ही कातड्यावर जगलो तरी तिनं ते पाळलं. मी तिच्या मागे ते मोडणार नाही.

भाच्याचा युक्तिवाद बिनतोड होता. तरी नारळ गेला आणि तो जावा हे मला योग्य वाटलं. आजीने पाळलेली रीत इतरांच्या सांगण्यावरून आली असेल, पण ती आता आजीची आहे. घराण्याच्या चिन्हात घराण्याच्या बाईचा शब्द मोडून काही घालणं म्हणजे चिन्हाचा पायाच काढून घेणं.

बोलणं थोडं थंडावलं, कारण कातडं तयार झालं होतं. हा भाग मला फार आवडतो. कोरीवकामाला क्रोमचं कातडं चालत नाही. बाजारातले बहुतेक पट्टे, बूट, पर्स क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या असतात. ते लवकर तयार होतं, मऊ असतं, पण त्यावर ठसा दाबला तर थोड्या वेळात उसळून वर येतो. कोरायला सालीवर कमावलेलं लागतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. म्हशीच्या कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि ते झिरपत राहू द्यायचं. याला आठवडे लागतात. असं कातडं ओलं केलं की मातीसारखं ऐकतं आणि वाळलं की दिलेला आकार सोडत नाही.

भाच्याने आदल्या रात्री स्पंजने पाणी फिरवून तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. सकाळी उघडल्यावर वरचा रंग हळूहळू मूळ फिक्या रंगावर येऊ लागला. वर कोरडं दिसतं पण गालाला लावलं तर गार लागतं, ती वेळ कापायची. त्याच्याकडे स्विव्हल नाईफ आहे, वरच्या खोबणीत तर्जनी ठेवून पातं वळवता येतं. कागदावरची रेघ कातड्यावर उमटवून घेतल्यावर त्या रेघेवर चिरा द्यायचा, कातड्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नाही. मग चिऱ्याची एक कड बेव्हलरने ठोकून दाबत जायची. बाजू खाली बसली की आकृती वर आल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात काहीच वर येत नाही.

एका सरावाच्या तुकड्यावर भाच्याने ढालीचं फूल कापलं. दोन चिरे कोपऱ्यात भेटले तिथे एक दुसऱ्याला ओलांडून गेला.

मामा : इथे चुकलं. चिरा चिऱ्यावरून गेला की तो कोपरा ठोकताना उघडतो. दोन्ही रेघा भेटायच्या जरा आधी थांबव. उरलेलं बेव्हलर मिळवून घेतो.

भाचा : भरून काढता येत नाही?

मामा : येत नाही. कातड्यावर खोडरबर चालत नाही. म्हणून आधी ठरव म्हणतोय.

मग मामांनीच एक जुना प्रश्न नव्याने विचारला आणि वादाने वळण घेतलं.

मामा : हे तुझ्या कुळाचं चिन्ह ना? कूळ तुझ्या बापाचं. त्यांनी जन्मभर माग चालवला. रापी माझ्या घरातली. ती तुझ्या ढालीवर कशी?

भाचा : आईकडून आली. बाबांनी धोटा धरला, आईने वाद्या शिवल्या, संसार दोघांच्या पैशावर चालला. तुम्ही मला आरी धरायला शिकवलंत त्याच्या आधी तिने शिकवली होती. मी ढाल उभी दुभागणार. एकीकडे धोटा, दुसरीकडे रापी.

विलायती चिन्हशास्त्रात नवऱ्याची आणि बायकोची चिन्हं एकाच ढालीवर शेजारी मांडायची रीत आहे. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईचं कूळ बदलतं, देवक बदलतं, माहेरची खूण मागे राहते. कोल्हापुरी चपलेची वेणी विणणारे हात बहुतेक बायकांचे असतात आणि चप्पल मात्र कारागिराच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावाने ओळखली जाते. मुळात कोल्हापुरी या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं तेही अलीकडचं. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडाने हुबेहूब तशा चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडे ओरड झाली तेव्हा कुठे त्यांनी भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. ज्याने शिवलं त्याचं नाव वस्तूवर नसलं की ती वस्तू उचलणं सोपं जातं. या संदर्भात भाच्याचा हट्ट मला योग्य वाटतो. दुभागलेल्या ढालीवर त्याने आईची बाजू मांडली, यासाठी तर अधिकच. अशी ढाल कुठल्याही संस्थानिकाच्या निशाणापेक्षा त्या घराबद्दल जास्त खरं सांगते.

मामांवर याचा परिणाम झाला, पण वेगळ्या तऱ्हेने. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला.

मामा : ही रापी नाहीच. ही चंद्रकोर झाली, विलायती पद्धतीची. आपल्या रापीचं पातं लांब, खाली रुंद होत जातं, अन् धार थोडीशीच बाकदार. मूठ अशी पोटाशी धरायची, रापी पुढे रेटायची. पात्याचं हे पोट दाखवलं नाहीस तर ती वस्तऱ्यासारखी दिसेल.

त्यांनी स्वतःची रापी कागदावर आडवी ठेवली आणि पेन्सिलीने तिच्या कडेने रेघ ओढली. वर्षानुवर्षं घासून पात्याची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड झाली आहे. भाच्याने ती सरळ करू का असं विचारलं. मामांनी नको म्हटलं.

भाचा : म्हणजे तुम्हाला चालणार आहे?

मामा : आतल्या खोलीत चालेल. देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर. तुझी पोरं बघतील, कानबाईला भाऊबंद येतील ते बघतील. दाराबाहेर नको.

भाचा : आतल्यांना सगळं माहीतच आहे, मामा. मला ते दारावर हवं. पोरं शाळेतून येताना त्याच्याखालून आत आली पाहिजेत. त्यांच्या मित्रांनी विचारलं पाहिजे, हे काय आहे, आणि त्यांनी मान खाली न घालता सांगितलं पाहिजे.

मामा : अन् मित्राच्या आईने दुसऱ्या दिवसापासून डबा वाटून खायला बंदी घातली तर?

भाचा : तर तो मित्र कोण आहे ते मला लवकर कळेल.

मामा : तुला कळेल. पोराचा डबा मात्र एकट्याचा राहील. हिशेब तू करतोस, भरतो तो.

मला इथे कुणाचीही बाजू पूर्ण घेता येत नाही आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. रापी ढालीवर यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती दारावर लावायची की देव्हाऱ्यासमोर, हे बाहेरून आलेल्याने सांगायचं नाही. त्याची किंमत ज्यांना मोजावी लागणार आहे त्यांनीच ठरवायचं.

त्या दिवशी ढालीचा गोल, चार फुलं आणि धोट्याची बाजू कापून झाली. माग चालवणाऱ्या बापाबद्दल वाद नव्हता. रापीची बाजू तशीच ठेवली. कातडं पुन्हा ओलं करता येतं, घाई नव्हती.

भाचा : ती बाजू तुम्ही कापा. रेघ तुमच्या रापीची आहे.

मामा : कापीन. पण दारावर लावणार असशील तर आधी ताईला विचार. आईबरोबर पाटलाच्या ओट्याखाली चपला ठेवायला तीच जायची. मी लहान होतो, मला घरी ठेवायचे.